वटवाघळं काढायला एवढे पैसे का लागतात? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माळ्यावर वटवाघळं आहेत. दोन जणांकडून कोटेशन घेतलं, एकाचं दुसऱ्याच्या तिप्पट आहे. एवढा फरक कसा काय?

बहुतेक दोघं वेगवेगळं काम करणार आहेत म्हणून. स्वस्तवाला धूर किंवा फवारा मारून वटवाघळं हाकलतो आणि थोड्या दिवसांत ती परत येतात, कारण वर्षानुवर्षं त्याच जागी यायची त्यांची सवय असते. नीट काम करणारा आधी संध्याकाळी बाहेर उभा राहून ती नक्की कुठून निघतात ते बघतो, मग छपराच्या कडेच्या बाकी सगळ्या फटी बुजवतो, आणि एक-दीड सेंटीमीटरची फटसुद्धा त्यांना पुरते म्हणजे बघा किती शोधावं लागत असेल. मुख्य वाटेवर तो बारीक जाळी लावतो, वरून आणि बाजूंनी घट्ट, खालून मोकळी. वटवाघूळ आतून सरपटत खाली येऊन उडून जातं, पण परत येताना थेट जुन्या फटीपाशीच येतं आणि जाळीपाशीच अडतं, जाळीचं खालचं तोंड त्याला काही सापडत नाही. ही जाळी किमान आठवडाभर ठेवायची, सगळी गेली याची खात्री झाली की तीही फट बंद. म्हणजे पैसे जातात ते उंचीवरच्या कामाचे, फटींचे आणि परत परत माराव्या लागणाऱ्या फेऱ्यांचे, वटवाघळं दहा आहेत की पन्नास याने तेवढा फरक पडत नाही. कोटेशनमध्ये नुसतं 'वटवाघळं काढणे' लिहिलं असेल तर सही करू नका, किती फटी, कशाने बुजवणार आणि परत आली तर किती वर्षं फुकट येणार हे लिहूनच घ्या.

प्रश्न: आत पिल्लं आहेत म्हणून कंपनी महिना-दीड महिना थांबा म्हणतेय. टाळाटाळ तर नाही ना?

अजिबात नाही, उलट याच लोकांना काम द्या. मादीला बहुधा वर्षाला एकच पिल्लू होतं आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याला उडता येत नाही. तेव्हा जाळी लावली तर आया बाहेर, पिल्लं आत उपाशी मरणार, वास सुटणार आणि आया आत शिरायला दुसरी वाट शोधत थेट खोल्यांत येणार. बऱ्याच देशांत या काळात त्यांना हात लावणं बेकायदेशीर आहे. आणि जीव आहे हो तो, थांबा थोडं.

प्रश्न: अल्ट्रासॉनिक मशीन (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं) किंवा डांबरगोळ्या वापरून ती पळवता येतील का?

नको. मशीन भरवशाचं नाही, आणि वटवाघळं पळतील एवढ्या डांबरगोळ्या टाकल्या तर त्याची वाफ तुम्हालाच बाधेल.

प्रश्न: विष्ठा काढायचे वेगळे पैसे सांगितलेत. मीच झाडली तर?

मूठभर असेल तर करा, पण कोरडा झाडू मारायचा नाही. जुन्या विष्ठेत एक बुरशी वाढू शकते, तिची धूळ श्वासातून गेली तर हिस्टोप्लाझ्मोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. एन-९५ मास्क, हातमोजे, आधी पाणी शिंपडून ओलं करायचं, मग उचलायचं. ढीगच साचलाय किंवा लाकूड, इन्सुलेशन (छपराखालचा उष्णता अडवणारा थर) मुतानं भिजलंय, तर पैसे द्या, इथे वाचवू नका. आणि हो, आधी खात्री करा, उंदराची लेंडी कडक असते, वटवाघळाची हातमोज्यात चुरगळली की भुगा होतो आणि त्यात किड्यांचे चमकते तुकडे दिसतात.

प्रश्न: एकच वटवाघूळ बेडरूममध्ये घुसलं तर माणूस बोलवायचा का?

सगळे जागे होते आणि ते कुणाला शिवलं नाही हे नक्की असेल तर गरज नाही. खोलीचं दार लावा, खिडकी उघडा, लाइट बंद करा, ते आपणच जाईल. पण खोलीत कुणी झोपलेलं किंवा लहान मूल असेल तर वटवाघळाला बाहेर सोडू नका! चावा इतका बारीक असतो की दिसतही नाही, आणि रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. उघड्या हाताने न धरता डबा उपडा घालून ठेवा, म्हणजे सोय असेल तर त्याची रेबीजसाठी तपासणी करता येते. चावा किंवा ओरखडा असेल तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, आणि काही दिसलं नाही तरी लगेच डॉक्टरकडे जा.

प्रश्न: आणि काहीच केलं नाही तर?

बाहेरच्या भिंतीच्या फटीत असतील आणि घरात यायला वाट नसेल तर खुशाल राहू द्या, ती लाकूड-वायरी कुरतडत नाहीत आणि रात्रभर किडे खातात. माळ्यावर असतील तर मात्र विष्ठा साचत जाते, आणि जितकं लांबवाल तितकं साफसफाईचं बिल वाढतं.