मोटारसायकलस्वारांच्या बंधुभावात वर्णभेद शिल्लक असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत समोरून येणारा प्रत्येक बाइकवाला हात करतो, रस्त्यात अडकलात तर थांबतो असं ऐकलं; मग तिथल्या रायडर्समध्ये वर्णभेद नसतो का, आणि सावळ्या माणसाने एकट्याने लांबची राइड करताना काय धरून चालावं?

असतो. फक्त तो हेल्मेट काढल्यावर दिसतो.

आधी त्या हाताबद्दल, कारण त्यावरून भलतेच अर्थ काढले जातात. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे समोरच्याच्या बाजूला आपला डावा हात येतो. उजवा थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकवर अडकलेला. क्लचवरचा डावा क्षणभर सोडता येतो. म्हणून डावा हात खाली, दोन बोटं रस्त्याकडे. (वाहनं डावीकडून चालतात त्या देशांत बरेच जण नुसती मान हलवतात, ते यामुळेच.) वळणावर, गिअर बदलताना किंवा आडव्या वाऱ्यात शहाणा माणूस हात सोडत नाही, तेव्हा उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. आणि आलं तरी हुरळून जाऊ नका. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज घातलेल्या माणसाचा वर्ण समोरून येताना कळत नाही. तो हात बाइकला असतो.

मदतीचंही तसंच. बंद पडलेल्या बाइकजवळ रायडर थांबतो कारण उद्या ती वेळ त्याच्यावर येणार असते, आणि तो मनापासून थांबतो. पण पंक्चर काढून देणं वेगळं आणि पंक्तीला बसवणं वेगळं. एकाच माणसाकडून दोन्ही अनुभव येऊ शकतात. त्यातला एक खरा आणि दुसरा ढोंग, असं नसतं.

याला इतिहास आहे. अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशन 1924 साली निघाली आणि कित्येक वर्षं तिचं सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी होतं. बेसी स्ट्रिंगफील्ड ही कृष्णवर्णीय बाई 1930च्या दशकात एकटी देशभर बाइकवर फिरली. मोटेलमध्ये खोली मिळाली नाही की ती पेट्रोल पंपावर बाइकवरच आडवी व्हायची, जॅकेटची गुंडाळी हँडलवर उशाशी घेऊन. त्याच संस्थेच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव 2002 साली गेलं. ती 1993 मध्येच वारली होती. 'ईझी रायडर' या 1969च्या चित्रपटातल्या गाजलेल्या चॉपर (लांब पुढच्या काट्यांच्या, मुद्दाम घडवलेल्या) बाइक घडवणाऱ्यांत बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर होते, पण श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. वेगळे कृष्णवर्णीय क्लब निघाले ते या वातावरणात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा ईस्ट बे ड्रॅगन्स 1959चा.

हे सगळं जुनं झालं म्हणावं तर साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचचं उदाहरण आहे. तिथे मे महिन्यात दोन मेळावे भरत: एक बहुतांश गोऱ्यांचा, दुसरा बहुतांश कृष्णवर्णीयांचा. समुद्राकाठचा रस्ता पहिल्याला दुतर्फा चालू, दुसऱ्याला एकतर्फी. यावरून 2003 मध्ये खटला झाला, 2006 मध्ये तडजोड.

आता तुमच्या राइडचं. हेल्मेट उतरतं ते पंपावर, हॉटेलात आणि पोलिसाने थांबवल्यावर.

पंपावर 'मूळचे कुठले?' हा प्रश्न हमखास येतो. बहुतेकदा नुसतं कुतूहल असतं. उत्तर द्या आणि त्याच्या बाइकबद्दल विचारा, बोलणं लगेच टायर आणि मायलेजवर येतं. बाइकबद्दल बोलायलाही तो राजी नसेल, तर पेट्रोल भरा आणि निघा. लाल कापडावर चांदण्यांची निळी फुली, हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, गुलामगिरीसाठी लढलेल्या राज्यांचा जुना बंडखोर झेंडा कुणाच्या जॅकेटवर असला तर तिथे वाद घालू नका. पाठीवर तीन तुकड्यांचा पॅच (वर क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खाली इलाखा) असलेल्यांशी नमस्कारापुरतं बोलायला हरकत नाही. त्यांच्या बाइकला किंवा जॅकेटला हात लावू नका, आणि हौसेने तसा पॅच स्वतः तर मुळीच शिवू नका. क्लब खाजगी असतो. अशा काही जुन्या क्लबांनी कृष्णवर्णीयांना कधीच आत घेतलेलं नाही.

मुक्कामाला कायद्याचा आधार आहे. 1964च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल, मोटेल, खानावळ आणि पेट्रोल पंपावर वर्ण, धर्म किंवा मूळ देशावरून नकार देता येत नाही. पळवाट एकच लक्षात ठेवा: मालक स्वतः राहत असलेल्या आणि पाचपेक्षा जास्त खोल्या भाड्याने नसलेल्या घरगुती निवासाला हे कलम लागू नाही. खोली आधी बुक करा, पुष्टीचा मेसेज ठेवा. नकार मिळालाच तर वेळ आणि समोरच्याचं नाव टिपून पुढे चला. तक्रार नंतर, न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाकडे. अनोळखी गावात रात्री भांडण नको.

पोलिसाने थांबवलं तर उजव्या कडेला थांबा, इंजिन बंद करा, स्टँड लावा, पण उतरू नका. हात हँडलवर, दिसतील असे. व्हायझर वर करा. हेल्मेट काढायचं असेल तर आधी विचारा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो जॅकेटच्या आतल्या खिशात अचानक हात घातल्याने. म्हणून लायसन्स आणि भाड्याचा करार टँकबॅगच्या (टाकीवर लावायच्या पिशवीच्या) पारदर्शक कप्प्यात ठेवा आणि 'कागद इथे आहेत, काढतो' असं म्हणून मगच हात हलवा. निव्वळ बाइकवाला आहे म्हणून संशयाने अडवू नये असा कायदा वॉशिंग्टन राज्याने 2011 मध्ये केला, यावरून ओळखा की गोऱ्या रायडर्सनाही हा जाच होताच. तुमच्या बाबतीत त्यात वर्णाची भर पडू शकते.

आणि कुणी थांबेल या भरवशावर राहू नका. टायरचं पंक्चर बुजवायचं प्लग किट आणि बॅटरीला जोडायचा 12 व्होल्टचा छोटा पंप सोबत हवाच. हवा भरायच्या 16 ग्रॅमच्या गॅसच्या नळ्या सुटसुटीत असतात, पण मागच्या मोठ्या टायरला तीन-चार संपतात आणि तरी पूर्ण हवा भरत नाही. प्लग लावल्यावर वेग कमी ठेवून जवळचं वर्कशॉप गाठा. तारेची चाकं असलेल्या बऱ्याच क्रूझरमध्ये ट्यूब असते, तिथे प्लग चालत नाही. बाइक ताब्यात घेतानाच विचारून घ्या.