अंदाज ९ अंशांचा, मग दहिवर गोठलं कसं?

प्रश्न : दादा, भिलारजवळ आमची २० गुंठे स्ट्रॉबेरी आहे. गेल्या आठवड्यात मोबाइलवर महाबळेश्वरचं किमान तापमान ९ अंश दाखवत होते. तरी पहाटे ओढ्याकडच्या वाफ्यांवर दहिवर गोठून पांढरं पडलं होतं. वरच्या बांधाला मात्र काहीच नाही. आता पुढच्या आठवड्यात पाऊस आणि गडगडाट सांगितलाय. अंदाजावर विसंबायचं तरी कसं?
– एक वाचक, ता. महाबळेश्वर

उत्तर : ताई, वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तुमचं फूल मातीपासून वीतभर. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, गार हवा जड होऊन उतारानं ओढ्यात साचते. गावात बरी थंडी असताना वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात दव गोठतं ते याचमुळे.

माझी पट्टीही अशाच खोलगटात आहे. एका वर्षी मीही आकडा बघून निवांत झोपलो. सकाळी फुलं पांढरीशुभ्र होती, पण आतला डोळा काळा. त्यातल्या एकालाही फळ धरलं नाही. तेव्हापासून सगळ्यात खालच्या वाफ्यात काठीला वीतभर उंचीवर तापमापक बांधतो. निरभ्र रात्री तो घराच्या ओट्यापेक्षा ४-५ अंश कमी दाखवतो. तुम्हीही एक बांधा, ताई, फार खर्च नाही.

संध्याकाळी चांदण्या लख्ख आणि पान हलत नसेल तर दिवस मावळायच्या आत वाफ्यावरच्या कमानींवर क्रॉप कव्हर, म्हणजे पीक झाकायचं पातळ कापड, ओढा, कडा मातीला टेकवा. दुपारीच ठिबक सोडा. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. सकाळी कव्हर काढायला विसरू नका, मधमाश्या यायला हव्यात. आणि ओढ्याच्या बाजूला घाणेरीचं दाट कुंपण असेल तर त्यात वाट पाडा. गार हवा तिथंच तुंबते.

पावसाचं म्हणाल, तर ढग गोधडीसारखे असतात, त्या रात्री दव गोठत नाही. तेव्हा भीती राखी बुरशीची. पिकलेली फळं आधीच तोडा, सडकी वाफ्यात ठेवू नका, चरी मोकळ्या करा. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीच्या अवकाळीनं काय केलं ते आपण विसरलेलो नाही. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, ‘मेघदूत’ या मोबाइल अ‍ॅपवर तो आपल्या जिल्ह्याचा वाचा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ अ‍ॅपही मोबाइलमध्ये असू द्या. गडगडाट ऐकू आला की तोडणीच्या बायकांना लगेच पक्क्या घरात न्या, झाडाखाली नको.

खरी जपायची रात्र पाऊस उघडल्यानंतरची. ढग सरतात, वारा पडतो, अंगण ओलं म्हणून आपण गाफील असतो. त्या संध्याकाळी कव्हर हाताशी ठेवा आणि पहाटे ५ वाजता खालच्या वाफ्यात किती अंश होते, मला जरूर कळवा.