वडिलांच्या वावरात हिस्सा मागितला तर गाव नावं ठेवते, बहिणीनं काय करावं?

बिनधास्त मागावा. आमच्या यवतमाळकडं निंदण, कापूस वेचणी सगळं बायाच करतात, कमरेला ओटी बांधून दिवसभर उन्हात, पण सातबाऱ्यावर नाव म्हटलं की लगेच "माहेर तुटते बाई" सुरू, याची खरंच चीड येते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित शेतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, अन् २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेरवीला सगळे पाहुणे बसलेले असताना हक्कसोडपत्र पुढं करतात ना, तिथं सही करूच नका ताई, आधी वकिलाला दाखवा. तलाठ्याकडं वारस नोंदीत तुमचं नाव घातलं का तेही बघा, बऱ्याचदा फक्त भावांचीच नावं दिलेली असतात.