पहिल्या नंबराला की जून महिन्याला?

प्रश्न : आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सातवी होऊन कोकणातून पुण्यात आले, दिवसा पाळी करून रात्रशाळेतून मॅट्रिक झाले, तेव्हा मोठ्या ताईचं बारसंही होऊन गेलं होतं. आई चौथी शिकलेली. पण दर जूनला रास्ता पेठेतल्या आमच्या वाड्यातल्या मुलांची जुनी पुस्तकं गोळा करायची, खळ लावून पाठी चिकटवायची, खाकी कव्हरं घालून खालच्या वर्गातल्यांना द्यायची. दोन वर्षांत दोघंही गेले. आम्ही भावंडांनी पाच लाख रुपये बाजूला काढलेत. आमच्या शाळेत दहावीला पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या नावानं शिष्यवृत्ती द्यावी, असं मनात आहे. की स्वतःचा ट्रस्ट काढावा? धाकटा भाऊ अमेरिकेत असतो, तोही पैसे घालणार आहे.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : एका शाळेच्या ऑफिसात मी एकोणतीस वर्षं काढली. मुख्याध्यापक बदलत गेले, पण ठेव-बक्षिसांचं रजिस्टर माझ्याच कपाटात राहिलं. त्यात १९६४ सालची एक नोंद होती : ५०१ रुपये, संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास. तेव्हा ती रक्कम मोठीच. आज साडेसहा टक्के धरले तर तिचं वर्षाचं व्याज होतं बत्तीस-तेहतीस रुपये; प्रमाणपत्राचं लॅमिनेशन त्याहून महाग. देणगीदारांचे नातू दर वर्षी कौतुकानं येऊन पहिल्या रांगेत बसायचे, म्हणून मी पदरचे पैसे घालून पाकीट शंभराचं करत असे. (मुख्याध्यापकांना हे आज कळेल.) दुसरं बक्षीस अर्धमागधीचं. आमच्याकडे अर्धमागधी घेणारं मूल वर्षानुवर्षं नव्हतं. व्याज साचत राहिलं. अट बदलायची तर वारसांची संमती हवी, आणि वारस कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही.

हे आधी सांगितलं, कारण तुम्हीही तसंच बक्षीस ठेवायला निघाला आहात. दहावीला पहिलं येणारं मूल समारंभात सहा-सात पाकिटं घेऊन खाली उतरतं. तुमचं आठवं. त्याच्या आईलासुद्धा घरी गेल्यावर आठवणार नाही, कुठलं कुणाचं.

तुमचंच पत्र पुन्हा वाचा. पहिल्या नंबराविषयी त्यात एक वाक्य आहे, आणि रात्रशाळा, खळ, खाकी कव्हरं यांवर दोन लांबलचक. तुमचे वडील शाळेत कितवे आले ते तुम्ही लिहिलंच नाही. पाळी करून शिकले, हे लिहिलंत. मग अट तीच ठेवा ना : काम करून शिकणारा मुलगा किंवा मुलगी, पास होण्यापुरते गुण पुरेत. आणि पैसे जूनमध्ये द्यायचे, आईच्या पुस्तकांसारखे. स्नेहसंमेलनात डिसेंबरला दिलेलं पाकीट कौतुकाचं असतं. प्रवेशाच्या आठवड्यात दिलेल्या पैशांनी प्रवेश होतो. सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी खात्यात यायला पुष्कळदा वर्ष सरत येतं, तोवर भरायचं कुणी? २०२४-२५ पासून, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या अनेक मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी नि परीक्षा फी राज्य सरकारनं माफ केली. फार चांगलं झालं. पण मेसचं बिल, खोलीचं डिपॉझिट, बसचा पास त्यात येत नाही. माझ्या टेबलापाशी उभं राहून मुली शाळा सोडल्याचा दाखला मागायच्या, त्या बहुतेक या वरच्या पैशांपायीच.

आता हिशेब. पाच लाखांचे साडेसहा टक्क्यांनी ३२,५०० होतात. सगळे वाटू नका. २५,००० द्या, ७,५०० दर वर्षी मुद्दलात टाका, नाहीतर तुमचीही नातवंडं पहिल्या रांगेत बसतील. आणि पंचवीस हजार एकालाच द्या. पाच जणांना पाच-पाच हजार दिले तर फोटो छान येतो, अडचण कुणाचीच भागत नाही.

पाच लाखांसाठी ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर वर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. विश्वस्तांपैकी कुणी आजारी पडला की ते सगळं तुमच्या एकटीच्या गळ्यात. चालत्या संस्थेकडे कायम निधी म्हणून ठेवा. ती शाळाच असली पाहिजे असं नाही. एखादी रात्रशाळा बघा, किंवा १९५५ सालापासून खेड्यांतून आलेल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय करणारी पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती बघा. कुठेही द्या, पत्र मात्र लेखी करा. निवड कोण करणार, पैसे कुठल्या तारखेच्या आत देणार, पात्र मूल नाही मिळालं तर काय, आणि पुढे अट बदलायची वेळ आली तर ती कुणी बदलायची. हे शेवटचं विसरू नका. अर्धमागधीचं सांगितलंच आहे. देणगीवरची प्राप्तिकर सवलत (८०जी) हवी असेल तर संस्थेची तशी नोंदणी आहे ना हे पाहून चेकनं द्या. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही.

राहिला भाऊ. त्याला एकच विचारा, पासपोर्ट कुठला आहे? भारतीय असेल तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ते परदेशी देणगीच ठरतात, आणि एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, परवानगी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. एका शाळेनं असे पैसे आधी घेतले आणि मग परत करताना काय धावाधाव झाली, ते मी जवळून पाहिलंय.

आणि नाव. इथे छापताना नाव गाळलंय, पण मूळ पत्रात तुम्ही आईचं नाव कुठेच लिहिलं नाहीत, वडिलांचं आडनावासकट लिहिलंत. पावती फाडण्याआधी तेवढं बघा.