मोबाइल आणि ई-गाडीच्या बॅटरीतलं कोबाल्ट खरंच लहान मुलं खणतात का?

हो, काही प्रमाणात खरं आहे, पण सगळं कोबाल्ट मुलांच्या हातून येत नाही. जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून निघतं आणि त्यातला बराचसा माल यंत्रं लावलेल्या मोठ्या खाणींचा असतो. मुलं असतात ती देशाच्या दक्षिणेतल्या कोल्वेझी शहराच्या आसपास, जिथे माणसं हाताने खड्डे खणतात तिथे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्क संघटना आणि काँगोतली आफ्रेवॉच संस्था यांच्या जानेवारी २०१६ च्या अहवालात अगदी सात वर्षांच्या मुलांचीही नोंद आहे. बहुतेक मुलांच्या वाट्याला येणारी कामं अशी:

- खाणींच्या टाकाऊ ढिगातून खनिजाचे दगड वेचणं
- ते ओढ्याच्या पाण्यात धुणं
- अंगाला न पेलणाऱ्या गोण्या वाहणं

मजुरी दिवसाला एक-दोन डॉलर. काही मुलं भुयारातही उतरतात. खरी मेख पुढे आहे. रस्त्यालगतचे व्यापारी गोणी घेताना माल कुणी खणला हे सहसा विचारत नाहीत, आणि शुद्धीकरण होईपर्यंत हा माल मोठ्या खाणींच्या मालात मिसळून जातो. म्हणून कंपन्यांचे 'आमची बॅटरी स्वच्छ' छापाचे दावे मी जपूनच घेतो.

सगळीकडे फिरणारा ४०,००० मुलांचा आकडा युनिसेफचा २०१४ चा अंदाज आहे. तो दक्षिण काँगोतल्या सर्व खाणींचा, नुसत्या कोबाल्टचा नाही. ई-गाडी घेणार असाल तर बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे का ते विचारा, तिच्यात कोबाल्ट नसतं.