वाचकांचे प्रश्न : बारामती ते सोलापूर, नकाशा आणि पेन्सिलीसह

प्रश्न : माझे सुमारे पन्नास तासांचे उड्डाण झाले असून येत्या पंधरवड्यात बारामती–सोलापूर–बारामती ही पहिली सोलो क्रॉस-कंट्री (एकट्याने करायचे दूरचे उड्डाण) करायची आहे. इन्स्ट्रक्टर सरांसोबतच्या फेरीत निघून जेमतेम आठ मिनिटे झाली असतील, तेवढ्यात साखर कारखान्याची चिमणी आणि शेजारची वस्ती दिसली. ते इंदापूर समजून मी हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) बदलले आणि सरांना ते पूर्ववत करावे लागले. टॅब्लेटवर जीपीएस सगळे दाखवत असताना सर नकाशा आणि पेन्सिलीचाच आग्रह का धरतात? आखणी नेमकी कशी करावी?
— एक विद्यार्थी वैमानिक, बारामती

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या चुकीतच आहे, म्हणून आधी तिच्याकडे पाहू. तुम्ही पाहिलेली चिमणी बहुधा भवानीनगरची असावी. ती ट्रॅकच्या, म्हणजे जमिनीवरच्या ठरलेल्या मार्गरेषेच्या, उजव्या बाजूला येते, तर इंदापूर डाव्या बाजूला सुमारे पाच नॉटिकल मैलांवर राहते आणि शंभर नॉटच्या (तासाला शंभर नॉटिकल मैल वेगाच्या) विमानाला त्याच्या बरोबरीला यायला सोळा-सतरा मिनिटे लागतात. म्हणजे बाजू चुकीची होती आणि वेळही चुकीची होती; परंतु या दोन्ही गोष्टी तुमच्यासमोर कागदावर नसल्यामुळे आधी जमीन दिसली आणि मग तिला साजेसे गाव नकाशावर शोधले गेले. दृश्य नियमांनुसार उडताना क्रम याच्या नेमका उलटा हवा: आधी घड्याळ, मग नकाशा आणि शेवटी जमीन. कोणत्या मिनिटाला, कोणत्या हाताला, काय दिसले पाहिजे हे उड्डाणापूर्वी लिहिलेले असेल, तरच आकाशात फक्त पडताळणी उरते. आपल्या ऊसपट्ट्यात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण चिमण्या पुष्कळ आहेत आणि वरून त्या एकसारख्याच दिसतात. चिमणीच्या धुरावरून वारा ओळखावा, गाव ओळखू नये.

आता आखणी. दोन्ही विमानतळ जोडणारी रेषा सुमारे 85 नॉटिकल मैल लांब असून तिची दिशा 115 अंशांच्या आसपास येते. दहा लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर ती सोळा सेंटिमीटरांहूनही थोडी कमी भरते. तिच्यावर दर दहा मैलांवर बारीक खूण करावी. आपल्या भागात चुंबकीय फरक, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन, एक अंशाहूनही कमी असल्याने तो विसरला तरी येथे फारसे बिघडत नाही, पण पुढे प्रशिक्षणासाठी अमेरिकेच्या वायव्य भागात गेलात तर तोच फरक पंधरा अंशांच्या घरात असतो, तेव्हा लॉगमधला (उड्डाणापूर्वी भरायच्या आखणीच्या तक्त्यातला) तो रकाना आतापासूनच भरावा. ट्रॅक 000 ते 179 अंशांत असल्यामुळे जाताना विषम हजारांत पाचशे मिळवून, म्हणजे 5,500 फुटांवर जावे. परतताना 4,500 किंवा 6,500 फूट घ्यावे.

वारा 050 अंशांवरून 15 नॉट आहे असे धरू. वेग शंभर नॉट असेल तर विमानाचे नाक आठ अंश डावीकडे, म्हणजे 107 अंशांवर ठेवावे लागेल. जमिनीवरचा वेग सुमारे 93 नॉट मिळेल आणि जायला 55 मिनिटे लागतील. परतीला तोच वारा थोडा पाठीशी येतो, म्हणून हेडिंग 303 अंश आणि वेळ 48 मिनिटे. चढाईला लागणारा जादा वेळ यात धरलेला नाही. तो वेगळा मिळवावा.

या मार्गावरचा सर्वांत भरवशाचा चेकपॉइंट (जागा पडताळण्याची खूण) म्हणजे नीरा-नरसिंगपूर. नीरा नदी सुरुवातीपासून उजव्या हाताला असते आणि हळूहळू ट्रॅककडे सरकत येते. डावीकडून उजनीखालची भीमा येते आणि दोन नद्यांच्या मधल्या पाचरीसारख्या टोकाला नरसिंहाचे मंदिर आहे. असा संगम या टप्प्यात दुसरा नाही. निघाल्यापासून 34 मैल, म्हणजे 22 मिनिटे. उजनीच्या जलाशयाचा मात्र सावधपणे उपयोग करावा: धरणाची भिंत जागा सोडत नाही, पण मे महिन्यात पाणी इतके मागे हटलेले असते की काठाचा आकार नकाशाशी जुळत नाही.

संगम डाव्या हाताला तीन मैलांवर दिसला, तर तुम्ही उजवीकडे सरकला आहात. साठ मैलांत एक मैल सरकणे म्हणजे सुमारे एक अंश, या हिशेबाने तीन गुणिले साठ भागिले 34, म्हणजे सुमारे पाच अंशांची चूक. उरलेल्या 51 मैलांत रेषेवर येण्यासाठी आणखी साडेतीन. एकूण नऊ अंश डावीकडे वळा आणि वेळ लिहून ठेवा. पुढे 34व्या मिनिटाच्या सुमारास मोडनिंबच्या परिसरात कुर्डुवाडी–पंढरपूर रेल्वेमार्ग ओलांडला जातो आणि मोहोळ डावीकडे राहते. इंदापूरनंतर पुणे–सोलापूर महामार्ग डाव्या बाजूलाच सोबत करतो, त्यामुळे पूर्ण गोंधळ झालाच तर डावीकडे वळून तो गाठावा. ही तरतूदही लॉगवर लिहून ठेवावी.

इंधनाचा हिशेब दोन्ही फेऱ्यांचा एकत्र करावा. दिवसाच्या दृश्य उड्डाणाला अर्ध्या तासाचा राखीव साठा किमान मानला जातो. मी माझ्या विद्यार्थ्यांना एका तासाखाली कधीही जाऊ दिले नाही. सोलापूरची उंची दीड हजार फुटांच्या आसपास आहे, पण तापमान 40 अंश असेल तर विमानाला तेथील हवा सुमारे पाच हजार फुटांवरची वाटते, म्हणून उन्हाळ्यात सकाळीच निघावे आणि परतीच्या टेक-ऑफचे अंतर हस्तपुस्तिकेतून काढावे. फ्लाइट प्लॅनमधली वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे लिहावी. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचावेत आणि एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) व एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक लॉगच्या माथ्यावर टिपून मगच इंजिन सुरू करावे.

टॅब्लेट जरूर सोबत न्या. तो उन्हात तापून बंद पडतो, हे एप्रिलमध्ये कॉकपिटमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून लॉगने सांगितलेले त्याच्यावर पडताळावे.

प्रश्न : ढग खाली येऊ लागले तर त्यांच्याखालून आणखी किती पुढे जावे?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : नियमानुसार दहा हजार फुटांखाली दृश्यमानता पाच किलोमीटर आणि ढगांपासूनचे अंतर उभे हजार फूट, आडवे दीड किलोमीटर हवे. पण पन्नास-साठ तासांच्या वैमानिकाने या किमान मर्यादेपर्यंत जाऊच नये. निघण्यापूर्वी स्वतःची मर्यादा लिहा, उदाहरणार्थ दृश्यमानता आठ किलोमीटर, आणि ती मोडताच 180 अंश वळा. मागची हवा तुम्ही नुकतीच पाहिलेली असते. पुढची पाहिलेली नसते. परतीचे हेडिंगही प्रत्येक टप्प्यापुढे आधीच लिहून ठेवा, कारण खाली येणाऱ्या ढगाकडे पाहत असताना साधी वजाबाकीही चुकते.