निक डेकॉस कोण आहे? ऑस्ट्रेलियात या पोराचं एवढं कौतुक का चालू असतं?

तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला भाच्याकडे महिनाभर राहून आलात आणि तिथे घरात, ट्राममध्ये, बातम्यांत सारखं निक डेकॉस निक डेकॉस ऐकू येत होतं, तर हा नक्की कोण आणि त्याने असं काय केलंय. मी नऊ वर्षं मेलबर्नमध्ये आहे, निक ज्या फुटबॉल क्लबकडून खेळतो त्या कॉलिंगवूडचा पक्का सपोर्टर आहे, त्यामुळे हा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही. थोडं लांबेल, वाचा.

आधी खेळाबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं कळणार नाही. खेळ आहे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथे लोक नुसतं फुटी म्हणतात. अंडाकृती बॉल, क्रिकेटचं गोल मोठं ग्राउंड, एका बाजूला 18 जण, चार क्वार्टर. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने बॉल गेला की गोल, म्हणजे 6 पॉइंट, बाजूच्या खांबातून गेला तर 1. बॉल हाताने फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताची मूठ मारून द्यायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. किक आणि हँडबॉल मिळून खेळाडूचे डिस्पोजल मोजतात. एका मॅचमध्ये कोणी 30 डिस्पोजल केले की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव निघतंच, हा आकडा फक्त लक्षात ठेवा.

आता निक. जन्म 3 जानेवारी 2003. वडील पीटर डेकॉस, कॉलिंगवूडसाठी 250 मॅच, 549 गोल, आणि 1990 ची फायनल जिंकलेल्या टीममध्ये होते, ती जिंकायला क्लबला 32 वर्षं लागली होती. पीटरला लोक मॅसिडोनियन मार्व्हल म्हणायचे. बाउंड्रीच्या रेषेला चिकटून, जिथून गोल दिसतसुद्धा नाही नीट, तिथून बॉल असा वळवून आत घालायचे की आजही साठीच्या पुढची माणसं हाताने ती वळणं हवेत काढून दाखवतात. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला पहिल्या भेटीत हेच दाखवलं होतं, कुंपणापलीकडून, हातात बागेचा पाइप तसाच धरून.

पीटरचा जर्सी नंबर 35. निकने क्लबमध्ये आल्यावर तोच नंबर घेतला. आपल्याकडे 2017 मध्ये शार्दुल ठाकूरने 10 नंबरची जर्सी घातली तेव्हा लोक कसे तुटून पडले होते आठवतंय ना? त्यावरून अंदाज करा की 19 वर्षांच्या पोराने स्वतःहून वडिलांचा नंबर पाठीवर घेणं म्हणजे काय, ते पण अशा क्लबमध्ये जिथे पहिल्याच मॅचपासून हजारो लोक मनातल्या मनात तुलना करत बसलेले.

इथे एक नियम समजून घ्या, कारण बरेच जण म्हणतात की वडिलांमुळे मिळालं सगळं. फुटीत नवीन पोरं ड्राफ्टमधून क्लबला मिळतात, तळाच्या टीमला पहिला हक्क. पण फादर-सन नियम आहे, वडील त्या क्लबसाठी 100 मॅच खेळले असतील तर मुलाला तो क्लब आधी घेऊ शकतो. फुकट नाही मिळत मात्र. दुसऱ्या क्लबने त्याचं नाव पुकारलं की तेवढ्या किमतीचे आपले पुढचे पिक, म्हणजे खेळाडू निवडायचे पुढचे हक्क, देऊन त्या बोलीची बरोबरी करावी लागते. नोव्हेंबर 2021 च्या ड्राफ्टमध्ये गोल्ड कोस्ट क्लबने 4 नंबरला निकचं नाव घेतलं, कॉलिंगवूडने बरोबरी केली, झालं. म्हणजे कुठल्या क्लबमध्ये जाणार हे वडिलांमुळे ठरलं, पण देशातल्या त्या वयाच्या सगळ्या पोरांत चौथा हे दुसऱ्या क्लबने ठरवलं, ज्यांचा डेकॉस नावाशी काही संबंध नव्हता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि हे लोक विसरतात.

आणि तयारीचा काळ बघा कोणता. शाळा केरी ग्रामर, ज्युनिअरमध्ये टीम ओकली चार्जर्स. 2020 मध्ये कोविडमुळे व्हिक्टोरियात त्यांची अंडर-18 ची अख्खी लीगच रद्द झाली, मेलबर्नचा लॉकडाउन किती कडक होता हे आम्ही भोगलंय. त्या वयात एक अख्खं वर्ष मॅच नाही. मोठा भाऊ जॉश तोपर्यंत कॉलिंगवूडमध्ये आलेला होता, तोही फादर-सननेच, पण त्याचा ड्राफ्ट नंबर 57, त्याच्याकडून कोणी एवढ्या अपेक्षा केल्याच नव्हत्या.

2021 ला कॉलिंगवूड 18 पैकी 17 वं आलं होतं. नवीन कोच क्रेग मॅकरे, नवीन पोरगा निक. मार्च 2022 ला सेंट किल्डाविरुद्ध पहिली मॅच, 27 डिस्पोजल. पहिल्या मॅचला! त्याच वर्षी अ‍ॅडलेडला जाऊन 40 डिस्पोजल आणि 3 गोल, ती मॅच आम्ही 5 पॉइंटने जिंकलो, परक्या ग्राउंडवर 19 वर्षांच्या पोराने टीम ओढून नेली. वर्षाच्या शेवटी नवीन खेळाडूंसाठीचा रायझिंग स्टार अवॉर्ड त्यालाच, आणि टीम 17 व्या नंबरवरून प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे आपल्या सेमीफायनलपर्यंत, तिथे सिडनीकडून 1 पॉइंटने हरलो. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मी त्याला जवळून पहिल्यांदा बघितला 25 एप्रिल 2023 ला, अँझॅक डे, एमसीजीवर, एसेनडनविरुद्ध. 95 हजारांवर लोक. मॅचआधी शहीद सैनिकांसाठी बिगुल वाजतो आणि एवढं मोठं स्टेडियम पूर्ण गप्प होतं, इतकं की मला पुढच्या रांगेतल्या बाळाचा श्वास ऐकू येत होता. मग मॅच. तिसऱ्या क्वार्टरनंतर आम्ही 28 पॉइंटने मागे, शेजारची दोन माणसं उठून गेली पण. आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये टीम अशी सुटली की 13 ने जिंकलो. निकचे 40 डिस्पोजल, 2 गोल, अँझॅक मेडल त्याला.

पण आकड्यांपेक्षा मला जे दिसलं ते सांगतो. आमच्या बाजूला चार-पाच जणांचा घोळका झाला होता, बॉल खाली, सगळे एकमेकांवर, निकने तो उचलला तेव्हा उजवीकडे एक जण त्याच्या अंगावर येतच होता. बाकी कोणी घाईने बूट लावून दिला असता. याने अर्धं पाऊल थांबून त्याला पुढे जाऊ दिलं, डावीकडे वळला आणि डाव्या पायाने चाळीसेक मीटरवर आपल्या माणसाच्या छातीवर बॉल दिला. निक उजव्या पायाचा खेळाडू आहे, आणि तरी कुठल्या पायाने मारेल हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. एवढ्या गर्दीत त्याच्या एकट्याकडे वेळ असतो असं वाटतं.

अशा खेळाडूला थांबवायला समोरची टीम एक माणूस फक्त त्याच्या मागे लावते, त्याला टॅग म्हणतात. ऑगस्ट 2023 ला हॉथॉर्नने तेच केलं, निकचे त्या मॅचला फक्त 5 डिस्पोजल, आणि वर गुडघ्याला फ्रॅक्चर. शेवटचे तीन राउंड गेले. इथल्या सगळ्यात मोठ्या वैयक्तिक अवॉर्डला, ब्राउनलो मेडलला, प्रत्येक मॅचनंतर अंपायर 3-2-1 अशी मतं देतात, त्यात तो तोपर्यंत जोरात पुढे होता. तीन राउंड न खेळून त्याला 28 मतं, जिंकणाऱ्या लॅकी नीलला 31. म्हणजे पायावर उभा असता तर काय झालं असतं हा विचार मी अजूनही करतो.

सात आठवड्यांनी तो थेट प्रिलिमिनरी फायनललाच परत आला, जीडब्ल्यूएस नावाच्या सिडनीच्या दुसऱ्या क्लबविरुद्ध, ती 1 पॉइंटने जिंकलो. मग 30 सप्टेंबरला ग्रँड फायनल, ब्रिस्बेन 86, कॉलिंगवूड 90. समोर तोच नील. मी घरी टीव्हीसमोर होतो, शेवटची दोन मिनिटं उभ्यानेच बघितली. वडिलांच्या 1990 च्या मेडलशेजारी आता दोन्ही मुलांची मेडल, कारण जॉशही त्या टीममध्ये होता, आणि त्या वर्षीचा क्लबचा बेस्ट खेळाडूही जॉशच ठरला, निक नव्हे! 57 नंबरवाल्या भावाचं मला जास्तच कौतुक वाटतं खरं सांगायचं तर.

2024 ला निकला ब्राउनलोत 38 मतं. त्याआधीचा रेकॉर्ड 36 होता. म्हणजे रेकॉर्ड मोडला आणि तरी दुसरा, कारण पॅट्रिक क्रिप्सने 45 घेतली. 2025 ला परत दुसरा, मॅट रॉवेलच्या मागे. तीन वर्षं इतक्या जवळ जाऊन मेडल नाही. मला त्याचं वाईट वाटतं, उगाच सांगत नाही, पण वयाच्या 22 व्या वर्षापर्यंत तीनदा ऑल ऑस्ट्रेलियन टीम, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवडलेली टीम, आणि एक प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, हे बहुतेकांना अख्ख्या करिअरमध्ये मिळत नाही.

परत मेलबर्नला आलात तर एप्रिल ते ऑगस्टमध्ये या, भाच्याला सांगा एमसीजीचं कॉलिंगवूडच्या मॅचचं तिकीट काढ, वरच्या मजल्यावर मिळालं तरी चालेल, वरून उलट जास्त कळतं. पहिला क्वार्टर बॉलकडे बघूच नका. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत 35 नंबर शोधा आणि बॉल त्याच्याकडे यायच्या दोन-तीन सेकंद आधी तो मान वळवून कुठे कुठे बघून घेतो ते बघा.